आधी पोट, मग पॉट

ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या शी-शूबद्दल नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. औषधांची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. इथे दिलेले आकडे बालरोगतज्ज्ञांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून आहेत, दुकानातून औषध आणून परस्पर सुरू करण्यासाठी नाहीत.

मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १५ किलो. पाच-पाच दिवस शी होत नाही, पण चड्डीला दिवसातून सहा वेळा पातळ डाग लागतात. जुलाब समजून आम्ही केळं आणि पेज देतो. शी आली की पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभा राहतो, पाय आवळतो, लालबुंद होतो. इतका जोर लावूनही होत नाही. सासूबाई साबणाची कांडी लावायला सांगतात. – एक आई, मानेवाडा

ताई, पडद्यामागे तो जोर लावत नाहीये, शी अडवून धरतोय. कुंथणारं मूल गुडघे वाकवतं, खाली बसतं. चवड्यांवर ताठ उभं राहून मांड्या आवळणं हे रोखण्याचं लक्षण. कधीतरी कडक खडा बाहेर पडताना चीर पडली असेल, दुखलं असेल. ते त्याच्या लक्षात राहिलं. मग तो धरून ठेवतो, आतडं त्या मळातलं पाणी शोषत राहतं, खडा आणखी मोठा आणि कडक होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. आणि चड्डीचे डाग म्हणजे जुलाब नव्हेत. वर साचलेला पातळ मळ खड्याच्या कडेने झिरपतो. गुदाशय ताणून सैल पडलेला असतो, त्यामुळे मुलाला ते कळतही नाही. यासाठी त्याला एकदाही रागावू नका. केळं-पेजेचं पथ्यही आजपासून बंद.

डॉक्टरांनी पोट तपासून मळ साचल्याचं सांगितलं, की पहिलं काम तो काढण्याचं. त्यासाठी बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. साचलेला मळ काढताना दर किलोला १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलासाठी दिवसाला साधारण १५ ते २२ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. या दिवसांत डाग आधी वाढतात. घाबरून औषध थांबवू नका, पण शाळेला सुट्टी असेल तेव्हाच हे सुरू करा. या पावडरीच्या काही प्रकारांत क्षार आणि स्वाद घातलेले असतात. खारट चव लागली की आपली मुलं ग्लासच नाकारतात, म्हणून डॉक्टरांकडून बिनस्वादाची, साधी पावडर मागून घ्या. ती पाकिटावर लिहिलेल्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि त्याच्या नेहमीच्या ग्लासातच द्या. त्याच्या सगळ्यात आवडत्या पदार्थात मात्र लपवू नका. चव बदलल्याचं त्याला कळलं तर तो पदार्थ कायमचा जाईल, आणि ज्याच्या ताटात मोजून सहा पदार्थ आहेत त्याचा एक जाणं फार महागात पडतं.

पोट मोकळं झालं की रोजची मात्रा दर किलोला ०.४ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे साधारण ६ ते १२ ग्रॅम. शी पिकलेल्या केळ्यासारखी मऊ व्हायला हवी. पाणीदार झाली तर मात्रा थोडी कमी, खडे दिसले तर थोडी जास्त. सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथेच. एक आठवडा बरा गेला की घरात कुणीतरी म्हणतं, आता सवय लागेल, बंद करा. ही पावडर रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते आणि बाहेर पडते. आतडं तिच्यामुळे आळशी होत नाही. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला मात्र महिने लागतात. किमान दोन महिने औषध हवंच, आणि शेवटचा सबंध महिना त्रास नसेल तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायचं. महिन्याभरात बंद केलेल्या मुलाचा खडा परत येतो, आणि आता त्याच्या भीतीला आणखी एक पुरावा मिळालेला असतो.

साबणाची कांडी नको. साबणाने आतली नाजूक त्वचा भाजते, आणि धरून-दाबून काहीही आत घातलं की ज्या जागेची त्याला आधीच धास्ती आहे तिथेच आपण हल्ला करतो. एरंडेलही नको, त्याने मुरडा येतो. सासूबाईंना दुसरं काम द्या, ते त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही: रोज दोन जेवणांनंतर १५ ते ३० मिनिटांनी त्याच्यासोबत बसणं. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपसूक हलतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. कमोडवर मुलाची सीट, पायाखाली लाकडी पाट, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर. पाय लोंबकळत असतील तर पोटाला जोर लावताच येत नाही. पाच मिनिटांचं घड्याळ लावा. शी झाली नाही तरी पाच मिनिटं बसल्याचंच बक्षीस, लगेच, तिथल्या तिथे. बसल्यावर फुगा किंवा पिपाणी फुंकायला द्या. फुंकताना पोटाला योग्य तो जोर आपोआप लागतो.

आता खाणं. १५ किलोच्या मुलाला दूध, वरण, ताक धरून दिवसाला साधारण सव्वा लिटर द्रव लागतो, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाला भूक राहत नाही आणि लोहही कमी पडतं. मग लोहाचं सिरप सुरू होतं, त्याने शी आणखी कडक होते. चोथा म्हणजे फायबर किती हवं, याचा सोपा हिशोब वय अधिक पाच, म्हणजे त्याला साधारण दहा ग्रॅम. मध्यम पेरूतून ५ ग्रॅमच्या आसपास मिळतो. संत्र्याच्या फोडी खाल्ल्या तर चोथा, रस काढला की चोथा गाळणीत गेला. फोडीची साल तोंडात नको असेल तर ती सोलून गर द्या, तेवढंही चालेल. पोळीच्या कणकेत दहात एक भाग ज्वारीचं पीठ, आठवडाभर तेवढंच, मग थोडं वाढवा. भाजून दळलेल्या जवसाचा एक लहान चमचा वरणात मिसळता येतो. पण खडा साचलेला असताना चोथा वाढवू नका. इसबगोलही नाही. तुंबलेल्या नळात आणखी भर घातल्यासारखं होतं.

शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, फुगून ताठ झालेलं पोट, ताप किंवा घटणारं वजन असेल तर थांबू नका. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आतड्याच्या जन्मजात दोषाची शंका त्यावरून येते. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग ओपीडीत जाताना सात दिवसांची नोंद सोबत असू द्या: कधी झाली, कशी झाली (खडे, भेगाळलेली, मऊ, पाणीदार), डाग किती वेळा. ओपीडीच्या पाच मिनिटांत ती वही तुमच्या वतीने बोलते.

मुलगी पाच वर्षांची. शू कमोडवर करते, शी मात्र डायपर लावूनच, हॉलमध्ये सोफ्याला धरून उभी राहून. डायपर नाही दिला तर तीन दिवस करत नाही. शाळेत प्रवेश घ्यायचाय, एकदम बंद करून टाकू का? – एक आई, प्रतापनगर

एकदम बंद करू नका. तीन दिवस धरण्याची ताकद तिच्यात आहे हे तिने दाखवलंय, चौथ्या दिवशी वरच्या पत्रातला खडा तयार असेल. चांगली गोष्ट अशी की शी आल्याचं तिला कळतं आणि ती डायपर मागते. अर्धं शिक्षण झालेलं आहे. बदलायची आहे फक्त जागा, उभं राहणं आणि डायपर, आणि तीही एका वेळी एकच.

डायपर तोच, पण आता सोफ्याऐवजी बाथरूमच्या दाराशी. मग बाथरूममध्ये उभं राहून. मग डायपर लावूनच, कमोडच्या बंद झाकणावर बसून. मग झाकण उघडून, मुलाच्या सीटवर. प्रत्येक पायरीवर सलग तीन-चार वेळा शांतपणे झालं की पुढची. एखादी पायरी अडली तर एक मागे या, ओरडा नको. सीटवर बसणं जमलं की डायपरला तळाशी रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा, तिला घालण्याआधी. कापलेल्या कडेतून आतली जेल सांडते आणि अंगाला चिकटते, ती तिला सहन होणार नाही, म्हणून कडेला कागदी चिकटपट्टी लावून घ्या. आठवड्यागणिक भोक मोठं करत जा. शेवटी डायपर म्हणजे कमरेभोवतीचा नुसता पट्टा उरतो, आणि मग तोही एक दिवस मांडीवर ठेवला तरी भागतं.

तिला विचारू नका, “शी करायची का?” उत्तर “नाही” येणारच. त्याऐवजी “आता बाथरूम”, एवढंच, रोज त्याच शब्दांत. भिंतीवर पाच फोटो लावा, तुमच्याच बाथरूमचे: दार, सीट, बसणं, धुणं, हात धुणं. बाजारातली कार्टूनची चित्रं या मुलांना बरेचदा आपली वाटत नाहीत. एप्रिलमध्ये सुरू केलंत तर जूनच्या शाळेपर्यंत पूर्ण होईलच असं नाही. झालं नाही तर बाईंना आधीच सांगून ठेवा.

नातू चार वर्षांचा. उन्हाळा लागल्यापासून बाथरूमच्या दारातच किंचाळतो. आधी जात होता. – आजोबा, महाल

आजोबा, एक गोष्ट आजच पाहा. दुपारी दोन वाजता जेट स्प्रेचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घ्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपल्याकडे मे महिन्यात चटका देण्याइतकं तापतं, आणि उन्हातल्या पाइपमध्ये उभं राहिलेलं पहिलं पाणी तर त्याहून गरम. मोठी माणसं हात झटकून मोकळी होतात. ज्याला स्पर्श आपल्यापेक्षा तीव्र जाणवतो आणि सांगता येत नाही, त्याच्यासाठी बाथरूम ही चटक्याची जागा होऊन बसते. पहाटे बादली भरून झाकून ठेवा, मगाने धुवा, जेटला काही आठवडे हात लावू नका. मगातलं पाणी आधी त्याला स्वतःच्या पायावर ओतू द्या.

पाण्याचं कारण नसेल तर इतर शोधा. फ्लश तो बाहेर पडल्यावर करा. एक्झॉस्ट पंखा बंद ठेवा. फिनाईल रात्री वापरा, सकाळपर्यंत वास उतरतो. भारतीय संडास असेल तर उकिडवं बसणं शी उतरायला उत्तमच, पण ज्यांच्या स्नायूंत जोर कमी आहे त्यांना तोल जाण्याची आणि भोकात पडण्याची भीती वाटते. समोरच्या भिंतीला त्याच्या उंचीवर पक्का दांडा बसवून घ्या.

गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम कमी होतो असं सांगितलं गेलं. पोटातले जंतू मारणारे थेंबही मिळतात म्हणे. – एक वडील, हिंगणा रोड

गहू-दूध बंद केल्याने ऑटिझम कमी होतो याला भरवशाचा पुरावा नाही. काही मुलांना गव्हाचा सिलिअ‍ॅक आजार किंवा दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी खरोखर असते, आणि दुधाच्या अ‍ॅलर्जीतून बद्धकोष्ठही होतं. म्हणून आधी तपासणी. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची. आधी बंद केला तर आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. दुधाचं डॉक्टरांनी सुचवलं तर दोन ते चार आठवडे बंद करून, परत सुरू करून पाहतात, आणि त्या काळात कॅल्शियम कुठून येणार हे आधी ठरवतात. मोजकंच खाणाऱ्या मुलाच्या ताटातून पोळी आणि दूध दोन्ही काढलं तर उरतं काय, हे लिहून पाहा.

ते थेंब मात्र घरातही आणू नका. ‘मिरॅकल मिनरल’ अशा नावांनी जे विकलं जातं ते क्लोरिन डायऑक्साइड असतं, म्हणजे ब्लीच. ते तोंडाने किंवा एनिमाने दिलं तर आतडं भाजतं. त्यानंतर शीतून पडणारे धागे ‘जंत’ म्हणून दाखवतात. ते आतड्याचं अस्तर आणि चिकट स्राव असू शकतात.

मुलगा सहा वर्षांचा, बोलत नाही. दुपारी झोपेतून उठला की शी भिंतीला, गादीला फासतो. मारूनही पाहिलं. – एक आई, सक्करदरा

ताई, मार बंद करा. तुम्ही थकला आहात हे पत्रातून दिसतं, पण माराने हे थांबत नाही, उलट फासलं की आई धावत येते एवढंच पक्कं होतं. बहुतेक वेळा मूळ खाली असतं: अर्धवट झालेली शी, नीट न धुतल्याने चिकटलेला मळ, किंवा जंतांची खाज. तो बोट तिथे नेतो, हाताला लागतं, आणि तो पुसतो. रात्री झोपल्यावर तास-दोन तासांनी टॉर्च लावून गुदद्वार पाहा. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे वळवळणारे बारीक जंत दिसले तर डॉक्टर अल्बेंडाझोल देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं, नखं कापायची, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. नाहीतर महिन्याभरात परत तेच.

जंत नसतील तर पहिलं उत्तर वाचा आणि पोट तपासून घ्या. सोबत दुपारची वेळ बदला: जेवणानंतर वीस मिनिटांनी बसवणं, मगच झोप. उठण्याच्या दहा मिनिटं आधी तुम्ही खोलीत असायला हवं. मागे चेन असलेला एकसंध कपडा काही आठवडे घाला. फासलंच तर चेहरा कोरा ठेवून, न बोलता, कोमट पाण्याने साफ करा, खेळ न होऊ देता. आणि तो ओला, चिकट स्पर्श त्याला आवडतोय असं वाटलं तर रोज ठरलेल्या वेळी परातीत सैल भिजवलेली कणीक द्या, हवी तितकी मळू द्या.