बयाणा देण्याआधी एक खड्डा खण

इंदूर, मे महिना

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. कनाडिया रोडच्या पुढचा तो प्लॉट तुला आवडला, भाव बसतोय, आणि येत्या रविवारी बयाणा देणार म्हणतेस. तो रविवार पुढे ढकल. रजिस्ट्रीचे कागद वकिलाला दाखवलेस ते उत्तम केलंस. पण कागदावर फक्त लांबी-रुंदी असते, आणि माळव्यात घराचं काय होणार ते खाली किती खोल काळी माती आहे यावर ठरतं.

माती बघायला हाच महिना चांगला. उन्हं चढायच्या आत जा. दोन हात लांबीची तार घेऊन जा आणि जमिनीला पडलेल्या भेगेत सोड. तार सहज आत गेली तर तिथे मातीचा थर खोल आहे असं धरून चाल. मग शेजारच्या बांधलेल्या घरांवरून एक फेरी मार. कंपाउंडची भिंत कुठे कलली आहे का, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आहे का, ते बघ. आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचार, इथे पूर्वी विहीर, नाला किंवा तळं होतं का. भराव टाकून बुजवलेली विहीर वरून कधीच दिसत नाही.

आपली काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिचे थर इतके पातळ की पत्त्यांचा जोड आठवावा. पावसाळ्यात थराथरात पाणी शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते. घराच्या मधोमध जमीन झाकलेली, तिथला ओलावा फारसा हलत नाही. कडेची माती मात्र दर वर्षी वर-खाली होते. भिंत तडकते ती या ओढाताणीत.

हे मी भोगलेलं आहे. 1984 साली मी स्वतःचं एकमजली घर बांधलं. चार फूट पाया, तोही काळ्या मातीतच थांबवलेला. आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून हौसेनं निलगिरी लावली. तिसऱ्या उन्हाळ्यात तिकडच्या खिडकीखालून विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी भेग उतरली. एक रुपयाचं नाणं उभं आत जायचं. मी घाईनं सिमेंट भरलं. आषाढात माती फुगली, भेग मिटायला बघत होती आणि मधे माझं सिमेंट अडकलेलं; शेजारचं प्लास्टर पोपडे होऊन गळलं. त्याच गल्लीतल्या तिमजली घराला मात्र ओरखडा नव्हता. माती वर लोटते तेव्हा जड घर तिला दाबून धरतं, हलकं घर उचललं जातं. तू बांधणार आहेस ते छोटं बैठं घर आहे, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

तेव्हा मालकाची परवानगी घे आणि खड्डा खण. मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा न फुगणारा कडक थर, कुठे लागतो ते मोज. टेकडीच्या अंगाला तो हातभर खाली सापडतो, नाल्याच्या काठाला दोन पुरुष खोल गेलं तरी काळीच माती. मुरूम पाच-सहा फुटांवर असेल तर पाया तिथवर ने, प्रश्न मिटला. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घालावे लागतील. खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले हे खांब. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं अशाच जमिनींसाठी विकसित केले. त्यांच्यावरचा बीम जमिनीला टेकवायचा नाही, खाली सुमारे 80 मिलिमीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला लोटत नाही. मिस्त्री ती पोकळी मलब्यानं भरून टाकतात. त्या दिवशी तू स्वतः साइटवर उभी राहा. पायाचा खर्च वाढेल, तो भावात धरून मगच मालकाशी बोल.

घराभोवती चार-पाच फुटांचा उताराचा पक्का पट्टा करून घे आणि गच्चीचं पाणी पायाशी सोडू नकोस. शोषखड्डाही मुरमापर्यंत नेल्याशिवाय चालत नाही. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तुंबतं.

बागेच्या बाबतीत ही माती गुणाची आहे, फक्त तिची वेळ सांभाळावी लागते. ओली असताना कुदळ घातलीस तर चिखलाचे गोळे निघतील, ते वाळून दगड होतील. पार सुकली तर कुदळ उसळेल. वाफसा आला की दोन-चार दिवसांत काम उरक. मूठभर माती दाबून सोडली की भुसभुशीत फुटली पाहिजे, बोटांना चिकटता कामा नये. वाफे उंच कर, नाहीतर श्रावणात मुळं कुजतील. लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर पाणी वाढवू नकोस. चुनखडीमुळे झाडाला लोह मिळत नाही. शेणखत आणि कंपोस्ट भरपूर घाल. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथेच काम करून कंपोस्टची पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. ज्या गावाचं नाव खताला लागलं तिथे तू बाग करते आहेस, याचा मला फार आनंद आहे. मोठी झाडं मात्र भिंतीपासून लांब लाव, त्यांची मुळं पायालगतचं पाणी ओढतात आणि माती जास्तच आकसते. माझी निलगिरी शेवटी तोडावी लागली.

मातीचे नमुने काढायला बोअर घेऊन रीतसर मृदा परीक्षण करून घेशीलच. त्याआधी खड्ड्यातलं तीन फुटांखालचं एक ढेकूळ वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन ये. माझ्याकडे 100 मिलिलिटरचे दोन मापी नळे आहेत. ढेकळाची माती वाळवून, चाळून दहा-दहा ग्रॅम दोन्हींत टाकू, एकात पाणी, दुसऱ्यात केरोसीन. केरोसीनमध्ये ती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची उंची मोजू. पाण्यातली माती केरोसीनमधल्या मातीपेक्षा निम्म्याहून जास्त वाढलेली दिसली, तर इंजिनिअरशी बोलताना तो आकडा पहिल्यांदा सांग.

तुझा,
काका