आधी पेटीचा तळ दाखव

वालेकुम सलाम बेटा,

मेसेज वाचला. चांगलं-वाईट अकलेला आपलंआपण कळतं का शरियतनं सांगितल्यावरच ठरतं, या जुन्या वादात मुअतझिली गट बरोबर का अशअरी गट, हे सगळं लांबलचक लिहिलंस आणि शेवटी हळूच, की काका कर्नाटकच्या आंब्याच्या पेटीवर देवगडचं स्टिकर लावायला सांगतात. खरा प्रश्न तेवढाच आहे, बाकी सगळा वरचा पेंढा.

तरी पेंढ्याबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणशील चाचाला कळत नाही. आपण शाफई मझहबचे, म्हणजे पंथाचे, आपले उलमा बहुतेक अशअरी. इमाम अशअरी बसऱ्याचे, चाळिशीपर्यंत मुअतझिलींमध्येच होते, मग फुटले, 936 मध्ये वारले. ते म्हणायचे चांगलं-वाईट अल्लाहच्या हुकमानं ठरतं. मुअतझिली म्हणायचे खोटं वाईट असतं हे अकलेलाही कळतं. समरकंदचे इमाम मातुरीदी, हनफी मझहबचे लोक ज्यांना मानतात, ते या बाबतीत अकलेला अशअरींपेक्षा जास्त जागा देतात. छान. आता तू विचारतोस की हुकमानंच ठरतं तर स्टिकरबद्दल हुकूम कुठाय? अरे, कुराणातली सूरह मुतफ्फिफीन घेताना पुरतं मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांवरच सुरू होते ना? आणि सहीह मुस्लिम या संग्रहातली ती हदीस, हुजूरांनी, म्हणजे पैगंबरांनी, बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओलं लागलं, व्यापारी म्हणाला पाऊस पडला, तर म्हणाले मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, फसवतो तो आमच्यातला नाही. यात पेटीचा तळ नाही दिसत तुला? तळ दाखव. दुसरं काही मागत नाही मी.

आणि हा सगळा वाद सुरू कुठून झाला माहितेय का, मोठा गुन्हा करणारा मुसलमान राहतो का नाही, यावरून. खारिजी, तो जुना कडवा गट, म्हणाले तो इस्लामच्या बाहेर गेला. मुअतझिलींचे पहिले गुरू वासिल बिन अता आपले उस्ताद हसन बसरींच्या मजलिसीतून उठले असं सांगतात ते याच मुद्द्यावर, की तो ना मोमिन ना काफिर, मधेच लटकलेला. अशअरी म्हणाले मुसलमानच पण गुन्हेगार, माफी द्यायची का शिक्षा ते अल्लाहच्या मर्जीवर. आता तू कुठल्याही रांगेत उभा रहा, फसवणारा साफ सुटला असं कोणीच म्हणत नाही. आणि तू मात्र समोरच्या गाळ्यावाल्याचा अकीदा, म्हणजे श्रद्धा, चुकीची म्हणून त्याच्याशी धंदा करू का नको विचारतोस! त्याचा काटा बघ रे आधी, आणि त्याच्याही आधी तुझा.

हनफींचे इमाम अबू हनीफा, 767 मध्ये वारले, कूफ्यात रेशमी कापडाचा धंदा करायचे. भागीदाराला माल देताना सांगितलं, या कापडात डाग आहे, गिऱ्हाईकाला दाखव. तो विसरला, माल विकला गेला, गिऱ्हाईक सापडेना. इमामांनी त्या मालाचे सगळे पैसे खैरात केले असं सांगतात. ते आपले इमाम नाहीत, पण गाळ्यावर बसलो की मला तेच आठवतात.

तू म्हणशील साका, म्हणजे आंब्याचा आतला खराब गर, तर बाहेरून दिसतच नाही. नाही दिसत. म्हणूनच ऐब निघाला तर माल परत करायचा हक्क आपल्या फिकहमध्ये, म्हणजे मझहबच्या कायद्यात, गिऱ्हाईकाला आहे, विकणाऱ्याला माहीत असो वा नसो. मी परत घेतो. लोक हसतात, याच पायी चुलतभावाशी भागीदारी मोडली, त्याचे आज दोन गाळे आहेत, माझा एकच, ईदला येतो पण बसत नाही. दुखतं, खोटं कशाला बोलू. पण त्याचं गिऱ्हाईक पुन्हा कधी आलं नाही, हे त्यानं मला सांगायचं होतं ना! माझ्याकडं बापानंतर मुलगा येतो, तळ न बघता पेटी उचलतो. जाऊदे, हे तुला कशाला सांगतोय.

काकाशी भांडू नको, ते मोठे आहेत. एवढंच म्हण, कोकणच्या हापूसला 2018 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, कर्नाटकचा माल कर्नाटकचा म्हणून विकू, भाव कमी लावू. आणि "नशिबात होतं, मी काय करणार" हे तर अजिबात नको, सगळं अल्लाह घडवतो म्हणणाऱ्या अशअरींनीही माणसाला जबाबदारीतून सोडलेलं नाही.

मागच्या आठवड्यात ज्यांना स्टिकरवाल्या पेट्या गेल्या त्यांचे नंबर बिलबुकात असतील. आज असरच्या नमाजनंतर बस आणि एकेकाला फोन लाव. अशअरी-मातुरीदीचं मग रविवारी घरी ये, बिर्याणी खाताना बोलू.

तुझा चाचा