इव्हान झाइत्सने व्हिएन्नातलं करिअर सोडून झाग्रेबला जाणं ही चूक होती का?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे, 'क्रोएशियाचा व्हेर्दी' (व्हेर्दी म्हणजे इटलीचा थोर ऑपेरा-संगीतकार) म्हणतात तो एकोणिसाव्या शतकातला संगीतकार इव्हान झाइत्स खरंच त्या तोडीचा होता का, आणि व्हिएन्नात चाललेलं सोडून झाग्रेबसारख्या आडगावी जाऊन त्याने स्वतःचं नुकसान करून घेतलं का. पहिल्या भागाचं उत्तर 'नाही' असं आहे आणि त्यावर मी वेळ घालवणार नाही. दुसऱ्या भागावर मात्र बोलतो, कारण हाच प्रश्न आमच्या घरात गेली सहा वर्षं दर मे महिन्यात निघतो, फक्त झाइत्सच्या जागी मी असतो.

मी संगीतातला माणूस नाही. मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो, आता रत्नागिरीत ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. झाइत्स मला भेटला तो प्युरिफायर रूममध्ये.

2009 साल, बल्क कॅरिअर म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, मी फोर्थ इंजिनियर म्हणजे आपल्या खलाशांच्या भाषेत 'चार साब'. प्युरिफायर माझ्या गळ्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जहाजाचं जड तेल जाळण्याआधी गरगर फिरवून त्यातलं पाणी नि गाळ काढतात, ते मशीन. त्याचं बोल, म्हणजे आतलं फिरणारं भांडं, उघडायचं म्हणजे वरची लॉक रिंग उलट्या आट्यांची, घाईत सवयीप्रमाणे फिरवलीत तर ती सुटायच्या ऐवजी आणखी आवळते आणि मग दुपार गेली. आत पातळ डिस्कची चळत, शंभरेक तरी, एकेक सुटी करून डिझेलमध्ये घासायची. मी चाळिसाव्या की पन्नासाव्या डिस्कवर होतो, अंगातून घामाच्या धारा, आणि चीफ इंजिनियर दारात उभा राहून रेलिंगवर स्पॅनरने ताल धरून काहीतरी गुणगुणत होता, मार्चसारखं, प्रत्येक ओळीला थोडं वर चढणारं.

चीफ क्रोएशियाचा. त्या लायनीत असलेल्यांना ठाऊक असेल, क्रोएशियन ऑफिसर बरेच भेटतात, आणि हा तर कोस्त्रेनाचा, म्हणजे रिएका शहराला चिकटलेलं गाव जिथे घरटी एक तरी माणूस बोटीवर. मी विचारलं, चीफ, हे तुमचं फुटबॉलचं गाणं का? त्याचा चेहरा असा झाला की मी त्याच्या आईबद्दल काही बोललो. मग शांतपणे म्हणाला, "झाइत्स. आमच्या गावचा. आधी डिस्क नंबराप्रमाणे लाव, मग सांगतो."

त्या गाण्याचं नाव 'ऊ बोय', म्हणजे 'लढायला चला'. 'निकोला शुबिच झ्रिन्स्की' या ऑपेराचा शेवट त्याच्यावर होतो. 1566 मध्ये सुलतान सुलेमानची अफाट फौज हंगेरीतल्या सिगेत किल्ल्याला वेढा घालून बसली होती, आत झ्रिन्स्की दोन-तीन हजार माणसं घेऊन महिनाभर टिकला, आणि शेवटी उरलेली मूठभर माणसं दार उघडून बाहेर पडली आणि मेली. गंमत म्हणजे सुलेमान स्वतः आदल्याच दिवशी-रात्री आपल्या तंबूत वारला होता. मी चीफला उत्साहात पावनखिंड सांगायला घेतली तर तो म्हणाला, तुमच्याकडे राजा वाचला ना, मग आमचं वेगळं. बरोबर होतं त्याचं.

नशीब बघा, त्याच ट्रिपला आम्हाला आयर्न ओअर उतरवायला बाकारचं बंदर लागलं, म्हणजे चीफच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जहाजावर दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसालासुद्धा हे एखाददुसऱ्या वेळीच मिळतं. त्याने सेकंड इंजिनियरला सांगून मला तीन तास सोडवलं आणि पुतण्याच्या गाडीत घालून रिएकाला नेलं. मला वाटलं घरी जेवायला नेतोय. नेलं मासळी बाजारात. जुनी देखणी इमारत, आत संगमरवरी टेबलांवर बांगड्याचे भाऊबंद, बायका ओरडतायत, पायाखाली पाणी, मिरकरवाड्यात मोठा झालेल्या माणसाला आणखी काय पाहिजे. आणि तिथून बाहेर पडून शंभर पावलं चाललं की समोर एकदम थिएटर. हातात माशाची पिशवी आणि समोर ऑपेरा हाउस. 1885 चं बांधकाम, छतावरची चित्रं तरुणपणीच्या गुस्टाव्ह क्लिम्टची, त्याच्या भावाची आणि त्यांच्या एका जोडीदाराची. मी ती पाहिली नाहीत, सकाळची वेळ, थिएटर बंद. नाव काय थिएटरचं? इव्हान झाइत्स. पुढे बागेत त्याचा पुतळा. चीफने पुतळ्याकडे पिशवी दाखवत म्हटलं, "हा आमचा. आम्हाला सोडून व्हिएन्नाला गेला, व्हिएन्ना सोडून झाग्रेबला गेला. व्हिएन्नाचं आम्ही समजू शकतो."

म्हणजे एक गैरसमज आधी काढून टाका. झाइत्स झाग्रेबला 'परत' गेला नाही. झाग्रेब त्याचं गाव नव्हतंच. जन्म 1832 चा, रिएकाचा (तेव्हा इटालियनमध्ये फियुमे, दोन्हीचा अर्थ नदीच), बाप चेक वंशाचा, लष्करी बँडचा मास्तर, आई जर्मन वळणाची, शिक्षण मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत 1850 ते 55. बापाला पोराने वकील व्हावं असं वाटत होतं, बँडमास्तर असून! मिलानहून पहिलं बक्षीस घेऊन बाहेर पडला, तिथे थांबता आलं असतं, पण आईबाप गेले आणि हा रिएकाला येऊन थिएटरचा ऑर्केस्ट्रा चालवायला आणि व्हायोलिन शिकवायला लागला. 1862 ला व्हिएन्ना. तिथे ऑपेरेटा म्हणजे हलकेफुलके ऑपेरा लिहिल्या, आणि त्यातली 1863 ची पहिली जी गाजली तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'जहाजावरचे खलाशी'. हे कळलं तेव्हा मला हा माणूस जवळचाच वाटायला लागला, काय करणार.

आणि 1870 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सगळं सुरळीत चालू असताना झाग्रेबला. तिथे कायमस्वरूपी ऑपेरा नव्हताच. याने उभा केला. 2 ऑक्टोबर 1870 ला स्वतःच्याच 'मिस्लाव्ह'ने पडदा उघडला, मग 1872 ला 'बान लेगेत', 1876 ला 'झ्रिन्स्की'. एकोणीस वर्षं तो ऑपेराचा डायरेक्टर आणि कंडक्टर होता, शिवाय संगीत शाळा चालवली ती 1908 पर्यंत. म्हणजे सकाळी पोरांना गळे साफ करायला शिकवायचं, दुपारी तालीम घ्यायची, रात्री दांडी हातात घेऊन ऑर्केस्ट्रापुढे उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं. लिहिलं किती, तर बाराशेच्या आसपास रचना. आता स्पष्ट बोलतो, बाराशेपैकी बहुतेक गरजेपोटी लिहिलेल्या असणार, उद्या कोरसला काहीतरी पाहिजे, द्या लिहून. मलाही दिवसाला तीन नोझल साफ करून द्यावे लागतात, त्यातला एकही म्युझियममध्ये जाणार नाही, पण बोट समुद्रात जाते.

इथे आमचे साडू येतात.

साडू अजून सेलिंग करतात, चीफ आहेत, खारघरला बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट. मी चीफचं तिकीट (म्हणजे परवाना) काढून, सेकंड इंजिनियर असतानाच बोटीवरची नोकरी सोडून उतरलो, आईचं आजारपण होतं आणि खरं सांगायचं तर मलाही उतरायचं होतं. मे महिन्यात सगळे आंब्याला गावी येतात, तेव्हा पहिल्याच वर्षी पानावर बसल्या बसल्या हे म्हणाले, "तुम्ही उतरलात तिथेच चुकलात हो. ज्याला झेपत नाही तो गाव धरतो." वाढणाऱ्या बायकांसमोर. मी काहीतरी उत्तर द्यायला पाहिजे म्हणून मूर्खासारखा झाइत्स सांगितला, की बघा, असा असा माणूस होता. साडूंनी तिथल्या तिथे फोन काढून शोधलं आणि म्हणाले, झुपे नावाचा एक होता, तुमच्या त्याच क्रोएशियातल्या स्प्लिटला जन्मलेला, तो व्हिएन्नात राहिला, त्याचं 'लाइट कॅव्हलरी' आजही जगभर वाजतं, मी कार्टूनमध्ये ऐकलंय. तुमचा झाइत्स कुठल्या कार्टूनमध्ये आहे?

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय ते लिहितो.

साडू (वाचत असाल तर), झाइत्सच्या व्हिएन्नातल्या ऑपेरेटा आज कोण लावतं? त्या तिथेच संपल्या, तिथे तशा ऑपेरेटा लिहिणारे ढिगाने होते. झाग्रेबमध्ये मात्र तो नसता तर ऑपेरा कधी उभा राहिला असता देव जाणे. मिल्का तर्निना नावाची गायिका, 1901 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'टोस्का' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा टोस्काची भूमिका हिची होती, ती 1882 मध्ये आयुष्यात पहिल्यांदा ऑपेराच्या स्टेजवर उभी राहिली ती झाग्रेबमध्ये, अजून शिकत असताना. स्टेज होतं म्हणून उभी राहिली ना? स्टेज कुणीतरी रोज झाडून ठेवावं लागतं. माझ्याकडे आज चार पोरं शिकतात, त्यातला एक गेल्या वर्षी बोटीवर गेला, आणि लॉक रिंग कुठल्या बाजूला फिरवायची ते त्याला तिथे कुणी ओरडून सांगावं लागलं नाही.

आणि कार्टूनचं म्हणाल तर 'ऊ बोय' जपानात गातात. थट्टा नाही. 1919 मध्ये व्लादिवोस्तोकहून चेकोस्लोव्हाक सैनिकांना घेऊन निघालेलं 'हेफ्रॉन' नावाचं जहाज बिघडून कोबेला दुरुस्तीला अडकलं, त्यातल्या सैनिकांनी तिथल्या क्वान्सेई गाकुइन या शिक्षणसंस्थेतल्या पोरांच्या ग्ली क्लबला (म्हणजे समूहगान मंडळाला) हे गाणं दिलं आणि त्यांनी ते आजतागायत सोडलेलं नाही, ही भाषा कुठली हेही बरीच वर्षं त्यांना नीट माहीत नव्हतं म्हणे. जहाज डॉकला गेलं आणि गाणं जपानला उतरलं. माझ्या मते हे कार्टूनपेक्षा भारी आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू, नाहीतर खाली कोणीतरी येऊन लिहीलच. एक, 'ऊ बोय' झाइत्सने झाग्रेबमध्ये लिहिलेलंच नाही. 1866 मध्ये व्हिएन्नात लिहिलं, तिथल्या क्रोएशियन विद्यार्थ्यांसाठी, सिगेतच्या लढाईला तीनशे वर्षं झाली म्हणून, आणि दहा वर्षांनी ऑपेराच्या शेवटाला बसवलं. म्हणजे त्याची सगळ्यात टिकलेली चाल व्हिएन्नाची आहे. हे साडूंना मी अजून सांगितलेलं नाही. दोन, ज्या ऑपेरासाठी गेला तो 1889 ला पैशाअभावी बंद पडला आणि पाच वर्षं बंद राहिला, त्याच्या डोळ्यांदेखत. शाळा तेवढी चालू राहिली. तीन, पुढच्या पिढीतले लोक त्याला नाक मुरडायचे, की याचं सगळं इटालियन, आपल्या मातीतलं काय आहे यात, आणि त्यात तथ्य आहे, 'झ्रिन्स्की'त सुरेख कोरस आहेत पण मिलानचा मास्तर मागे उभा असल्यासारखं सारखं वाटतं. मातीतलंच ऐकायचं असेल तर याकोव्ह गोतोव्हाचचं 'एरो' ऐका, 1935 चं, तोही संगीतकार-कंडक्टर, झाग्रेबच्याच ऑपेरात तीसेक वर्षं काढलेला, त्याचा शेवटचा कोलो नाच ऐकून बसून राहता आलं तर मला सांगा. पण गोतोव्हाचला वाजवायला ऑर्केस्ट्रा आयता मिळाला, एवढं लक्षात ठेवा.

चार, मी 'झ्रिन्स्की' थिएटरमध्ये बसून एकदाही पाहिलेला नाही. सगळं फोनवर आणि अर्धं वर्कशॉपमध्ये, ट्रॉलरचं इंजिन टेस्टला चालू असताना.

झाइत्स ऐकायला कुठून सुरुवात करायची म्हणाल तर 'झ्रिन्स्की'च्या शेवटून. आधी शेवटचा सीन ऐका, आवडला तर मागे मागे येत जा, पहिल्या अंकापासून बसलात तर अर्ध्या तासात उठाल. हेडफोन लावा. आणि तुम्हीही कुठलीतरी व्हिएन्ना सोडायच्या विचारात असाल म्हणून हे विचारत असाल (प्रश्नाचा सूर तसा वाटला), तर गावात आधीपासून ऑपेरा आहे का ते बघून जाऊ नका, नसेल तरच जाण्यात काही अर्थ आहे. पगार मात्र एकतृतीयांश होतो, माझा झाला, हे बायकोला आधी सांगा. मी नंतर सांगितलं.

चीफ आता रिटायर झालेत, बाजारात मासा चांगला आला की फोटो पाठवतात. साडू येत्या मे मध्ये येतायत, 1866 ची गोष्ट त्यांना कोणी आधी सांगू नये ही विनंती.