परदेशातील योगवर्गांचे शुल्क, पर्पज कोड आणि छतावरची वीज

तुम्ही लिहिले आहे की नाशिकहून चालणारे तुमचे योग-प्राणायामाचे ऑनलाइन वर्ग आता जर्मनीत वाढवायचे आहेत, तेथील शुल्क सध्या मावसभाऊ युरोत गोळा करून तुमच्या बचत खात्यावर पाठवतो, आणि छतावर सौर पॅनेल बसली की ‘संपूर्ण हरित ऊर्जेवर चालणारे वर्ग’ असे संकेतस्थळावर लिहावे का, असाही तुमचा प्रश्न आहे. मावसभावाचे वाक्य वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्याकडे हेच काम श्टुटगार्टमधील माझे मेहुणे करत होते.

मी सनदी लेखापाल नाही आणि वकीलही नाही. पुण्यात योगवर्ग चालवणारी एक बाई आहे, तेव्हा खालील मजकूर अनुभव म्हणून वाचावा आणि निर्णय आपल्या सीएला विचारूनच घ्यावा. जीएसटी नोंदणी, संकेतस्थळ, कॅमेरा वगैरे तुम्ही केलेच असणार असे धरून चालते.

२०२० साली टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन गेले आणि मेहुण्यांच्या ओळखीतील मराठी कुटुंबे, मागोमाग त्यांचे जर्मन शेजारी, वर्गाला येऊ लागले. प्रत्येकाने भारतात पैसे पाठवण्यापेक्षा मेहुण्यांकडे जमा करावेत आणि त्यांनी महिन्याला एकदा एकत्रित रक्कम पाठवावी, ही सोय सर्वांनाच पटली. बँकेने ती रक्कम पी१३०१ या पर्पज कोडखाली (परदेशातून पैसे कशासाठी आले हे सांगणारा बँकेचा क्रमांक), म्हणजे परदेशस्थ भारतीयाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठवलेले पैसे म्हणून, जमा केली. मला तो कोड काय असतो हे ठाऊक नव्हते आणि मी विचारलेही नाही. एलयूटी, म्हणजे जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र, मात्र दर आर्थिक वर्षाच्या आरंभी वेळेवर दाखल केले होते, त्यामुळे माझी सेवा निर्यात ठरून तिच्यावर कर लागणार नाही, अशी माझी खात्री होती.

निर्यात ठरण्यासाठी सेवा घेणारा भारताबाहेर असून भागत नाही, तर मोबदला परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तेथे रुपयांत, आल्याचे दाखवावे लागते. जीएसटीची पडताळणी झाली तेव्हा माझ्या पावत्यांवर जर्मन विद्यार्थ्यांची नावे होती, पैसे मेहुण्यांच्या नावाने आले होते आणि बँकेची नोंद सांगत होती की हा घरखर्च आहे. सुमारे सहा लाखांच्या शुल्कावर तेव्हाच्या १८ टक्के दराने एक लाख आठ हजार रुपये कर भरावा लागला, त्यावर १८ टक्क्यांनी व्याज वेगळे.

कर भरण्यापूर्वी कोड दुरुस्त करून घेण्यासाठी मी बँकेच्या शाखेत किती खेटे घातले याचा हिशेब ठेवला नाही. शाखा म्हणाली की हे मुंबईच्या परकीय चलन विभागाचे काम आहे. त्या विभागाने उत्तर दिले की ग्राहकाने शाखेमार्फतच यावे. शाखेने पुन्हा अर्ज मागितला आणि आधीचा अर्ज सापडत नसल्याचे सांगितले. एका अधिकाऱ्यांनी तर ‘मॅडम, पैसे मिळाले ना, मग अडचण काय?’ असे विचारले. चौदा महिन्यांनी लेखी उत्तर आले, ते एवढेच की जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, हे मी तेव्हा शिकले. राग अजून शिल्लक आहे, म्हणून लांबले, क्षमस्व.

आता मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून थेट, व्यवसायाच्या चालू खात्यावर, योग्य सेवा-कोडखाली पैसे घेते आणि प्रत्येक रकमेचे परकीय चलन जमा झाल्याचे प्रमाणपत्र त्याच महिन्यात मागून घेते. थोडे शुल्क कापले जाते, ते जाऊ द्यावे. युरोपचा व्हॅट हा वेगळा विषय आहे, पण एवढे ध्यानात असू द्या की तेथील खासगी ग्राहकाला रेकॉर्ड केलेले वर्ग विकल्यास युरोपबाहेरच्या विक्रेत्याला पहिल्या विक्रीपासून व्हॅट लागतो, आणि १ जानेवारी २०२५ पासून थेट ऑनलाइन वर्गांनाही ग्राहकाच्या देशाचाच कर लागू झाला आहे. जर्मनीत तो १९ टक्के आहे. वन-स्टॉप-शॉप योजनेत एकाच देशात नोंदणी करून सर्व देशांचे विवरण भरता येते.

आता विजेचे. सौर पॅनेल जरूर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि मला ही अलीकडच्या काळातील सर्वांत शहाणी योजना वाटते. परंतु ‘संपूर्ण हरित’ हे शब्द लिहू नका. जर्मनीत हिवाळ्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्या वेळी तुमच्या दिव्यांना आणि राउटरला वीज ग्रिडमधूनच येते, आणि आपल्या ग्रिडमध्ये रात्री मुख्यतः कोळसाच जळतो. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्री वापरलेल्या विजेतून वजा होत असल्यामुळे, बिल खूप कमी होईल, पण बिल कमी होणे आणि वीज हरित असणे यांत फरक आहे. शिवाय युरोपीय संघाचा २०२४ चा ग्राहक-निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होत असून त्याखाली पुराव्याशिवाय केलेले असे सरसकट पर्यावरणीय दावे अनुचित ठरतात. ‘आमच्या छतावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा आहे’ असे लिहिले तर ते खरेही असते आणि पुरेसेही.

धोरणाविषयी माझे मत विचाराल, तर दिवसाचे युनिट रात्रीच्या युनिटातून एकास एक वजा होण्याची सवलत लहान घरगुती ग्राहकांसाठी टिकली पाहिजे. वेळेनुसार दर लावण्याला माझा विरोध नाही, दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग हे तर्काला धरूनच आहे. पण ज्याला छत परवडले त्याने नियम पाहून गुंतवणूक केली, आणि मध्येच नियम बदलले तर पुढचा माणूस छतावर चढणार नाही. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या आणि कोळशाला मात्र २०३८ पर्यंतची मुदत दिली, हा क्रम मला उलटा वाटतो. हे मी एकदा वर्ग संपल्यावर बोलून गेले. त्यातील एक अणुभट्टी श्टुटगार्टजवळच्या नेकारवेस्टहाइमची होती, आणि ती बंद व्हावी म्हणून वर्षानुवर्षे मोर्चात गेलेल्या दोघी माझ्याच वर्गात होत्या. पुढच्या महिन्यात दोघींनी शुल्क भरले नाही. तेव्हा ऊर्जा-धोरण वर्गाबाहेरच ठेवावे.

योगाने मधुमेह ‘बरा होतो’ असेही संकेतस्थळावर कुठे लिहिलेले असेल तर आजच काढून टाका. तसेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतील घड्याळ बदलते, हे वेळापत्रकात आधीच नोंदवून ठेवा, नाहीतर निम्मे लोक तासभर आधी किंवा तासभर उशिरा येतात.

मावसभावाने आजवर पाठवलेली रक्कम कोणत्या कोडखाली जमा झाली आहे, हे उद्या शाखेत लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तो कोड येथे कळवला तर माझ्या सीएंनी केलेला दुरुस्ती-अर्जाचा मसुदा, नाव-खाते वगळून, तुम्हाला देते.