परसबाग : वाचकांचे प्रश्न
कोहळी केव्हा तोडावीत आणि कशी ठेवावीत

प्रश्न : आमच्या वाडीत मृगाच्या पावसावर लावलेल्या कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) वेलींना यंदा भरपूर फळे लागली. दसऱ्याला सगळी एकदम उतरवून कोठीत एकावर एक रचून ठेवली. महिनाभरात काही देठाकडून सडली, काही मात्र अजून ठणठणीत आहेत. एकाच वेलीच्या फळांत असा फरक का पडावा? होळीपर्यंत कोहळी टिकवायची असतील तर काय करावे?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : वेल एकच असली तरी तिच्यावरची फळे एका वयाची नसतात. फळ धरल्यापासून ते पूर्ण पक्व होईपर्यंत साधारणपणे ४५ ते ६० दिवस लागतात आणि वेल तर आठवडेच्या आठवडे फुलत राहते. त्यामुळे आपण दसऱ्याला उतरवलेल्या फळांत काही पुरती निबर झालेली, तर काही जेमतेम महिन्याची असणार. कोहळे किती टिकेल हे बरेचसे कोठीत नव्हे, वेलीवरच ठरते, म्हणून सणाचा मुहूर्त न पाहता फळागणिक देठ पाहून तोडणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडील बहुतेक देशी कोहळ्यांचा देठ पाच कंगोऱ्यांचा, टणक आणि फळाला चिकटतो तेथे पसरट असतो. फळ पक्व होऊ लागले की त्याचा हिरवेपणा जाऊन तो लाकडासारखा होतो. ‘अर्का सूर्यमुखी’सारख्या वाणांचा देठ मात्र गोल व जाड असतो, तो वाळताना बुचासारखा होऊन त्यावर बारीक उभ्या भेगा दिसतात. देठाजवळचा ताणा (वेलीचा आधाराला गुंडाळणारा तंतू) वाळणे, सालीची चकाकी जाऊन ती मंद होणे आणि जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर होणे, या खुणाही सोबत पाहाव्यात. नखाने साल दाबून पाहण्याची रीत चांगली आहे, पण ती शेवटी वापरावी; कोवळ्या सालीत नख रुतले तर त्याच ओरखड्यातून बुरशी आत शिरते. टिचकी मारून आवाज ऐकण्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

फळ पिळून किंवा ओढून न तोडता धारदार विळ्याने कापावे आणि चार-पाच बोटे देठ फळाला राहू द्यावा. आपली काही फळे देठाकडूनच सडली, याचे कारण बहुधा येथेच असावे. देठ मुळाशी तुटला की तेथे उघडी जखम राहते, आणि कोहळे देठाला धरून उचलण्याची आपल्याकडची सवय तर हमखास देठ मोडते. फळ नेहमी खालून दोन्ही हातांनी उचलावे. ज्याचा देठ मोडला असेल ते साठवणीत न घालता आधी भाजीला घ्यावे.

तोडल्यानंतर १० ते १५ दिवस फळे ओसरीत, हवेशीर सावलीत, एकमेकांना न टेकता ठेवावीत. या काळात २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमान उत्तम, आणि ऑक्टोबरअखेर विदर्भात दिवसा तेवढी ऊब सहज मिळते. साल आणखी कठीण होते, लहानसहान ओरखडे सुकून भरतात. रात्री दव पडत असेल तर फळे आत घ्यावीत. ती धुऊ नयेत. माती कोरड्या फडक्याने पुसली की पुरे.

पुढच्या साठवणीसाठी १० ते १५ अंश तापमान आणि कोरडी, खेळती हवा लागते. मातीच्या भिंतींच्या कौलारू घरातली अंधारी खोली हिवाळ्यात याच्या बरीच जवळ जाते, टिनाच्या छपराखालची खोली मात्र दुपारी तापते. फरशीवर थेट न ठेवता बाजेवर किंवा तुराट्यांच्या मांडवीवर कोरडे कुटार पसरून एकच थर लावावा. आठवड्यातून एकदा प्रत्येक फळ बुडाशी चाचपून पाहावे, कारण एक फळ पाझरले की शेजारचेही जाते. एवढे केले तर नीट पक्व झालेले कोहळे तीन-चार महिने टिकते, म्हणजे होळी गाठता येते. त्यापुढे उन्हाच्या झळा सुरू झाल्या की वजन घटते आणि गर तंतुमय होतो. म्हणून तेव्हा ती संपवावीत. बोंडांसाठी (कोहळ्याच्या गोड भज्यांसाठी) कोहळे ताजे न घेता महिनाभर ठेवलेले घ्यावे. दरम्यान गरातील पिष्टाची साखर होत असल्याने ते अधिक गोड लागते.

प्रश्न : धान कापणीच्या दिवसांत पाऊस आल्यामुळे हिरवीच कोहळी तोडावी लागली. ती घरात पिकतील काय? तणसात केळ्यांसोबत दाबून ठेवावीत, असे काही जण सांगतात.
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : कोहळे हे आढीत घालून पिकणाऱ्या आंब्यासारखे फळ नव्हे. साल कठीण आणि देठ वाळू लागला असेल, तर उबदार, कोरड्या जागी दोन-तीन आठवड्यांत रंग बहुधा चढतो. पण गरात पिष्टच साठले नसेल तर घरात कितीही दिवस ठेवूनही गोडी येणार नाही. अशी कोवळी फळे लगेच भाजीला वापरावीत. केळ्यांपासून तर कोहळी दूरच ठेवावीत. पिकत्या केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने हिरव्या फळावर रंग थोडा लवकर चढला तरी गोडी वाढत नाही आणि फळ टिकतही नाही. पुढील हंगामात पावसाची चिन्हे दिसताच वेलीवरच्या फळांखाली कौल किंवा चपटा दगड सरकवून ती ओल्या मातीपासून उचलून धरावीत. पक्व होण्यास जे आठ-दहा दिवस कमी पडतात, ते अनेकदा एवढ्याने मिळतात.

प्रश्न : आमच्याकडे थंडी भरपूर असते, तरीही छपरावर ठेवलेल्या कोहळ्यांवर खळगे पडून ती पाणचट झाली. असे का झाले?
— एक वाचक, चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : थंडीमुळेच झाले. तापमान १० अंशांच्या खाली राहिले की कोहळ्याच्या पेशींना इजा होते, आणि रात्रीमागून रात्री ती साचत जाते; फळ उबदार जागी आणल्यावर खळगे आणि पाणचट डाग उमटतात व तेथून सड सुरू होते. चिखलदऱ्यात डिसेंबर लागण्यापूर्वीच फळे छपरावरून उतरवून स्वयंपाकघरालगतच्या खोलीत ठेवावीत. याच कारणाने अखंड कोहळे फ्रिजमध्ये ठेवू नये. कापलेली फोड मात्र बिया व मऊ तंतू काढून, झाकून फ्रिजमध्येच ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपवावी.