भिंतीवरचं सांगलीचं घड्याळ

"मॅडम, पोरीला परत बोलावून घेऊ का?" सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत काकू आल्या त्या हेच विचारायला. मुलगी लग्न होऊन टोरांटोला गेली, त्याला सात महिने झाले होते. जावई चांगला, घर चांगलं, तरी पोरगी रोज फोनवर रडते. मुलं परदेशी असलेल्या आईवडिलांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. म्हणून दोघींच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. मुलीला मेघना म्हणू.

व्हिडिओ कॉलवर मी तिला आधी झोप, भूक, जगण्याबद्दल मनात येणारे विचार हे सगळं नीट विचारून घेतलं. दोन-दोन आठवडे मन उठतच नसेल, अन्न गोड लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी तिथल्या डॉक्टरांकडे जायला हवं. कॅनडात अगदी टोकाच्या वेळी ९८८ वर चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं, तो नंबरही तिला लिहून ठेवायला लावला. पण मेघना खात होती, झोपत होती. ती थकली होती.

"बसमधून उतरायचं तरी मनात आधी वाक्य जुळवते. कॉफीच्या दुकानात नाव तीनदा सांगावं लागतं. कुठला कचरा कुठल्या डब्यात, हेही विचारून करायचं. संध्याकाळी डोकं नुसतं जड होतं हो."

सांगलीत हीच मुलगी पतसंस्थेच्या काउंटरवर दिवसभर माणसांशी बोलायची आणि घरी येऊन भडंग खात गप्पा मारायची. हा थकवा खरा असतो, त्याला नाटक म्हणू नये. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली 'कल्चर शॉक'वर लिहिताना हेच मांडलं होतं: कुणाला कधी हात द्यायचा, कधी काय बोलायचं, या रोजच्या खुणा हरवल्या की माणूस अस्वस्थ होतो. घरी ज्या गोष्टी आपोआप होतात, त्या तिथे एकेक ठरवून कराव्या लागतात.

मी सुरुवातीला तिला चुकीचा सल्ला दिला. मराठी लोकांत मिसळ म्हणाले. ती हळदीकुंकवाला गेली. तिथल्या सगळ्या दहा-दहा वर्षं मुरलेल्या, गाडी चालवणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या. ती आणखी खचून परतली.

तिसऱ्या कॉलला मला घड्याळ दिसलं. तिच्या खिडकीबाहेर बर्फावर सकाळचं ऊन होतं, साडेआठ झाले असतील. मागच्या भिंतीवर मात्र सात वाजले होते. माझ्या भिंतीवरही सातच. स्वयंपाकघरातलं घड्याळ तिने सांगलीच्या वेळेला लावलं होतं. आई आता दिवा लावत असेल, आता जेवत असेल, आता झोपली असेल, असा तिचा दिवस चालायचा.

"तुला सगळ्यात जास्त कशाची आठवण येते गं?"

ती आई म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाली, "मंडईतली मावशी न मागता कोथिंबीर टाकायची, त्याची."

मग आम्ही कामाला लागलो. ते घड्याळ काढायला मी सांगितलं नाही. शेजारी टोरांटोचं दुसरं लावायला सांगितलं. आईशी बोलायची वेळ ठरवली, एरवी फोन बाजूला. आणि एकच दुकान, एकच वार, एकच वेळ: दर शनिवारी सकाळी दहा. शिवाय सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी बोलण्याच्या मोफत बैठका असतात, तिथे जायचं. २०२१च्या जनगणनेत टोरांटोतले सुमारे ४७ टक्के लोक बाहेरच्या देशांतून येऊन स्थायिक झालेले होते. मेघनाला वाटायचं, आपण तेवढ्या पाहुण्या आणि बाकी सगळे घरचे. बैठकीत तिच्या शेजारी एक इराणी आजी बसल्या. त्याही उतरायचं वाक्य मनात जुळवूनच बसमध्ये चढायच्या.

दोन महिन्यांनी मेघनाला ताप आला, एक शनिवार चुकला. पुढच्या खेपेला दुकानातल्या श्रीलंकेच्या तमिळ बाईंनी विचारलं, "गेल्या आठवड्यात दिसली नाहीस?" हे तिने मला एकाच कॉलमध्ये दोनदा सांगितलं.

परवा काकू पुन्हा आल्या. "आता आठवड्यातून तीनदाच फोन येतो, मॅडम. तोही घाईत." रोज रात्री आठला मोबाइल मांडीवर घेऊन बसायची सवय त्यांनाही लागली होती. आता त्या वेळेला काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. पुढच्या मंगळवारची वेळ मी काकूंच्या नावाने लिहून ठेवली.