दावं धरणाऱ्याशी बोल

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. जनावरांच्या कळवळ्यानं दूधदुभतं सोडायचं म्हणून चहा सोडलास, दह्याची वाटी बाजूला सारलीस आणि आता घरात रोज खटके उडतायत. "दूध बंद केलं तर तुझ्या क्लासची फी कशातनं भरू?" हा वडिलांचा प्रश्न तुला लागला. तो टोमणा समजू नकोस. आपल्या सांगलीच्या पलूस-वाळव्याकडं उसाचे पैसे यायला वर्ष-दीड वर्ष जातं, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. तेल-मीठ, वह्या, आजीची औषधं त्यावरच चालतात. प्राण्यांच्या हक्कांचं काम या भागात करायचं तर हे गणित पक्कं ठाऊक हवं.

तरी तुझं म्हणणं खरं आहे, ते सोडू नकोस. रेडकाला क्षणभर सडाला लावायचं, म्हैस पान्हावली की ओढून खुंट्याला बांधायचं, हे तू लहानपणापासून बघतेस. रेडी असेल तर पुढं दूध देईल म्हणून जगवतात. रेडा असला की त्याच्या पोटात किती जातं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. म्हशीला पान्हा फुटतो तो त्याच्यासाठी, एवढं वडिलांना शांतपणे सांग. त्यांना निर्दयी म्हणू नकोस.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो, बीडकडची ऊसतोड कुटुंबं बैलं घेऊन येतात. कारखान्याच्या गाडीतळावर गेलीस की आधी बैलाचा खांदा बघ. जुवाखालचं कातडं जाड होतं, मग सोलवटतं, ओलं राहतं, त्यावर माश्या बसतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी पुन्हा जू येतं. मग गुडघे बघ, डांबरी रस्त्यावर घसरून सोललेत का. शेपटीच्या मुळाशी पराणीच्या, म्हणजे हाकायच्या काठीच्या, आरीच्या खुणा आहेत का, तेही बघ.

मोबाईल काढायच्या आधी गाडीवानाशी बोल. तो मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, अंगावर घेऊन आलेला असतो. बैल बसला तर त्याचा हंगाम बसला. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केलेल्या 1965 च्या नियमांप्रमाणे बैलाला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त आणि सलग 5 तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा 37 अंशांच्या वर जातो तिथं दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. टोकदार पराणी चालत नाही. हे पाठ कर, पण गाडीवानाच्या तोंडावर फेकू नकोस. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यापुढं ठेव. गाडी रांगेत ताटकळते ती काही गाडीवानाच्या हौसेनं नाही. वजनकाट्यावर बैलगाड्या आधी सोडा, तळावर सावली आणि पाण्याचा हौद करा, हे त्यांच्याकडं माग आणि मागत राहा.

नुसत्या पोलीस तक्रारीवर विसंबू नकोस. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व्हावा म्हणून रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत झगडल्या, पण त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे 10 ते 50 रुपये.

2022 मध्ये राजारामनगरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी दोन बैलांच्या मध्ये जुवाला आधाराचं चाक बसवलं. जू तसंच राहिलं, मग उपयोग काय, असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. मला बैल जुवातून कायमचा मोकळा हवा आहे, आणि तो होईपर्यंत त्याचा खांदाही हलका हवा आहे.

बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, 2017 मध्ये राज्यानं शर्यतींना मुभा द्यायला कायदा बदलला, मे 2023 मध्ये घटनापीठानं तो वैध ठरवला. म्हणून आपण गप्प बसायचं नाही. पण शर्यतीच्या मैदानावर एकटी जाऊ नकोस.

बेंदराला शिंगं रंगवणं म्हणजे ढोंग, असं तू लिहिलंस. मला ते ढोंग वाटत नाही. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नाही. आणखी किती दिवस चढवायचं नाही, हे विचारायला तोच दिवस चांगला.

खाण्याचं म्हणशील तर डॉक्टरांना विचारून बी-12 ची गोळी चालू ठेव, ते भाजी-भाकरीतून मिळत नाही. बाकी ज्वारीची भाकरी, मटकी, शेंगदाण्याची चटणी आपल्या ताटात आहेच. आईला तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करायला लावू नकोस. तूप नको म्हण आणि पुरणपोळी कटाच्या आमटीबरोबर खा.

बारावीनंतर शिक्षण सोडून पूर्णवेळ काम करायचा विचार मात्र मनातून काढ. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं जायची तयारी कर. आपल्याकडं घोषणा देणारे पुष्कळ आहेत, बैलाच्या खांद्याची जखम धुऊन नीट औषध करणारे फार थोडे.

हंगाम सुरू झाला की एखाद्या रविवारी ये, आपण तळावर जाऊ. पक्के बूट घाल. वडिलांना सांगून ये, आणि त्यांना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये.

तुझी,
मावशी